कॉलरवरची पांढरी रेघ

१

सकाळी नऊला स्टुडिओत आल्यावर गंधकचं पहिलं काम म्हणजे गार चांदी गळ्यात अडकवून शहारणं, आणि दुसरं म्हणजे आपण शहारलोच नाही असं दाखवणं. मॅडम बघत असायच्या ना.

स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर, खाली दातांचा दवाखाना. दोन्हीकडे एकाच जातीची ड्रिलं फिरायची, त्यामुळे जिन्यात ताटकळलेले पेशंट वरून आवाज आला तरी गाल धरायचे. वर एक लांबलचक खोली. खिडकीपाशी काकांचं टेबल, दुसऱ्या टोकाला काचेमागे मॅडमचं ऑफिस, आणि मधल्या भिंतीला छोट्या छोट्या ड्रॉवरांचं पत्र्याचं कपाट. ड्रॉवरांत दागिने. दागिने म्हणायचं आपलं. मॅडमचे दागिने कुणी नटूनथटून घालत नसे. ते काचेच्या पेटीत ठेवायचे आणि त्यांच्यासमोर उभं राहून हळू आवाजात बोलायचं, अशी पद्धत होती.

काका म्हणजे कारागीर. मॅडम कागदावर चित्र काढायच्या, तेही अर्धवट, आणि "बाकीचं तुम्हाला कळेलच" म्हणायच्या. काकांना कळायचं. तीस वर्षं कळत आलं होतं, आणि तीस वर्षांत प्रदर्शनातल्या एकाही पाटीवर त्यांचं नाव आलं नव्हतं. त्याबद्दल विचारलं की ते हसायचे. त्या हसण्याने गंधकचं डोकं फिरायचं. लुबाडणारी म्हातारी माणसं तिला परवडायची, पण लुबाडून घेऊन वर गोड हसणारी अजिबात नाही.

तिचं हे नाव काकांनीच ठेवलेलं. चांदी काळी करायची तर कारागीर ती गंधकाच्या पाण्यात बुडवतात. हिला त्या पाण्याची गरजच नव्हती. घामाने चांदी कुणाच्याही अंगावर हळूहळू काळवंडते, हिच्या अंगावर मात्र चार दिवसांत जांभळी आणि दहा दिवसांत काजळासारखी व्हायची. लहानपणी गळ्यात घातलेली साखळी आठवड्यात काळी पडली तेव्हा आईने आधी सोनाराला शिव्या घातल्या, मग डॉक्टर केले, आणि शेवटी "हिचं अंगच तसलं" असं सगळ्या नातेवाइकांत जाहीर करून टाकलं. मॅडमनी मात्र तिची हनुवटी धरून मान उजेडाकडे वळवली होती आणि म्हटलं होतं, "ही तर देणगी आहे गं."

मॅडमच्या ज्या कामाचं जगभर नाव झालं होतं त्याचं नाव 'अंगाचा काळा'. काकांनी घडवलेली साधी, गुळगुळीत चांदी एका माणसाने दिवसच्या दिवस अंगावर वागवायची. त्याच्या कातडीने जो रंग दिला तो दिला, वर पॉलिश नाही, काही नाही. यंदाची वस्तू म्हणजे चार बोटं रुंद कॉलर. पुढून उघडी, गळ्याच्या खळगीपासून खांद्यांपर्यंत टेकणारी. चाळीस दिवस, रोज सहा तास, गंधकच्या अंगावर. तिच्या गळ्याच्या डाव्या हाडाखाली लहानपणी उकळतं पाणी सांडून भाजल्याचा व्रण होता. तिथली कातडी चकचकीत, तिला घाम येत नाही. त्यामुळे सगळी कॉलर काळी होत गेली तरी तिथे एक वाकडी पांढरी रेघ राहिली.

"ही तुझी सही," मॅडम म्हणाल्या होत्या.

सही माझी तर नाव तुमचं का, असं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. कारण ठरलं होतं वेगळं.

दागिने घडवायला शिकवणारं कॉलेज सोडून तिला दोन वर्षं झाली होती. तिथले मास्तर लोक चित्रं परत करताना वर एक चिठ्ठी स्टेपल करायचे, 'पुन्हा करा'. का, कसं, काही नाही. पुन्हा करा. तिने त्या सगळ्या पिना उपटून जपून ठेवल्या, एकीत एक अडकवून कमरेपर्यंत येईल अशी साखळी केली आणि परीक्षेला तीच ठेवली. विभागप्रमुखाने ती पेन्सिलीच्या टोकाने उचलली. "दागिना नाही हा, कचरा आहे." त्याच पावली ती बाहेर पडली ती परत गेली नाही. मॅडम दरवर्षी ज्या प्रदर्शनात असतात तिथे हेच सगळे लोक सूट घालून येतात. तिला ती साखळी तिथे हवी होती, काचेत, खाली स्वतःच्या छापील नावासकट. मॅडमनी शब्द दिला होता. त्यासाठी तिने मान दिली होती. मागितली असती तर पाठही दिली असती.

कॉलर घालून बसली की तिचा उजवा अंगठा आपोआप काठावरून फिरायचा, डावीकडून उजवीकडे, आणि बारीक चुंई असा आवाज व्हायचा. काका वैतागायचे. "उंदीर पाळलाय का गळ्यात?"

तेविसाव्या दिवशी सकाळी तिने ड्रॉवर ओढला, कापड उलगडलं, कॉलर उचलली. ती गार नव्हती.

२

गरम म्हणावी अशीही नव्हती. कुणी आत्ताच उठून गेलेल्या खुर्चीला हात लावावा, तशी.

"काका, कॉलर तुम्ही काढली होती?"

"माझं त्यातलं काम महिन्यापूर्वी संपलं."

"कोमट आहे."

काकांनी भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवला. "खाली दवाखान्यात अवजारं उकळतात. भिंतीतून पाइप गेला असेल."

पटण्यासारखं होतं. गंधकला कारणं आवडायची. कारण न देणाऱ्यांनीच तिचं वाटोळं केलं होतं. तिने भिंतीला हात लावला, भिंत गार. कपाटाचा पत्रा गार. शेजारच्या ड्रॉवरातलं तांब्याचं कडं इतकं गार की बोटाला झोंबलं. मग तिने कॉलर सगळ्यात वरच्या, खिडकीकडच्या ड्रॉवरात हलवली, तिथे कुठला पाइप असणं शक्यच नव्हतं, आणि संध्याकाळी कुलूप लावून चावी सोबत नेली.

सकाळी खिडकीच्या काचेवर दव होतं. कॉलर कोमट होती.

तिसऱ्या दिवशी तिने घरातला ताप मोजायचा थर्मामीटर आणला आणि कॉलरला टेकवून वरून कापड गुंडाळलं. काका मान लांब करून बघत होते.

"किती?"

"छत्तीस पॉइंट सहा."

"मग ताप नाही. कामावर पाठवायला हरकत नाही," काका म्हणाले आणि हसले, आणि हसता हसता थांबले. नंतर बराच वेळ त्यांनी कानस उचलली नाही.

मॅडम ऑफिसातून बाहेर आल्या. साठी उलटलेल्या, सरळ पाठीच्या, स्वतःच्या अंगावर एकही दागिना न घालणाऱ्या. आजवर गंधकला ही साधी राहणी म्हणजे नाटक वाटायची. मॅडमनी कॉलर हातात घेतली, तळव्यावर तोलली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कसलंही आश्चर्य आलं नाही.

"छान येतेय," एवढंच म्हणाल्या.

३

पुढच्या आठवड्यात उलटं सुरू झालं. कॉलर घातल्यावर शहारा येईना, काढल्यावर येऊ लागला.

तिने स्वेटर घातला, मग त्यावर जाकीट. जिन्याजवळच्या बाथरूममध्ये नवीन नळ बसवला होता, हात खाली धरला की आपोआप सुरू होणारा. तो तिच्यासाठी सुरू होईना. तिने हात पुढे नेले, मागे नेले, तळवे हलवले. मूर्खासारखी एका नळाला टाटा करत उभी राहिली. तेवढ्यात दवाखान्यातली बाई आली, तिने शेजारच्या नळाखाली हात धरले आणि पाणी धो धो आलं.

"तो बिघडलाय वाटतं," गंधक म्हणाली.

बाई दचकली. "अगंबाई, तुम्ही कधी आलात?"

मग बाईने बिघडलेल्या नळाखाली हात धरला. पाणी आलं.

सेन्सर असतात, कधी चालतात कधी नाही. गंधकने स्वतःला हे नीट समजावलं. हात कोरडे असले की पकडत नाही, गार असले की पकडत नाही. आणि थंडीत हात गार असतातच. या शेवटच्या वाक्यापाशी ती थांबली आणि पुढचा विचार केला नाही.

घरी आई स्वयंपाकघरात पाठमोरी होती. गंधक टेबलाशी बसली, पाणी प्यायली, पेला ठेवला. आई वळली आणि तिच्या हातातला चमचा खाली पडला.

"मांजरासारखी काय येतेस? किती वेळ झाला?"

"आत्ताच. बेल वाजवली की."

"नाही वाजली." आईने तिचा हात धरला आणि लगेच सोडला. "काय गं हे, फ्रिजमधून काढल्यासारखे. कॉलेजात चार अक्षरं गिरवायची सोडून मान भाड्याने द्यायची, मग हेच होणार. उद्यापासून दोन स्वेटर घाल."

"दोन आहेतच अंगावर."

आई कांदा चिरत राहिली. थोड्या वेळाने, सुरीवरून नजर न उचलता, म्हणाली, "नाव खरंच लावणार का गं तुझं? म्हणजे हाताने लिहून नाही ना, छापून?"

"छापून."

"मी आपला तो निळा कोट ड्रायक्लीनला टाकलाय. सहज."

दोन वर्षं आईने तिच्या कॉलेजाचा विषय निघाला की शेजारणीपुढे मान खाली घातली होती. त्या बाईने कोट ड्रायक्लीनला टाकला होता. गंधकला काहीतरी कडू बोलावंसं वाटलं, आणि तिने वाकून पडलेला चमचा उचलून ठेवला.

रात्री आरशासमोर तिने शर्टाची वरची बटणं काढली. रोज कॉलर काढल्यावर गळ्याभोवती राखाडी माग राहायचा, साबणाने घासावा लागायचा. आज मान स्वच्छ होती. त्यात वाईट काय आहे, असं ती आरशातल्या मुलीला म्हणाली.

४

"माझ्याआधी कोण होतं, काका?"

काका चांदीची तार पकडीत धरून वाकवत होते. "होती एक. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात असते आता. चांगली आहे. हा चष्मा तिनेच करून दिलाय."

जेवणाच्या सुट्टीत गंधक तिथे गेली. दुकान छोटं, चारी भिंतींना आरसे, भर दुपारी सगळे दिवे चालू. काउंटरवर एक गृहस्थ बोटांनी ताल धरून उभे होते.

"कुणी आहे का इथे?"

"आहे ना," काउंटरमागची तरुणी म्हणाली. ती त्यांच्या समोर, हातभर अंतरावर बसली होती. गृहस्थ दचकले, ओशाळले, चष्मा घेऊन घाईने गेले. तरुणीने दोन्ही टोकं ओढून शाल घट्ट केली आणि गंधककडे बघितलं, आधी चेहऱ्याकडे, मग गळ्याकडे.

"तू नवी का?"

"हो. तुमचं काय होतं?"

"ब्रोच. इथे, छातीवर. दोन महिने."

"कुठे असतो तो?"

"परदेशात, म्युझियममध्ये. मॅडम दरवर्षी फोटो पाठवतात. मी आणि तो ब्रोच, आमच्या दोघींपैकी एकीने तरी विमान पाहिलं." ती हसली. हसताना तिच्या तोंडासमोरच्या आरशावर वाफ धरायला हवी होती, इतकी ती जवळ होती. आरसा लख्ख राहिला. गंधकला वाटलं, कोन चुकीचा असेल.

"तुम्हाला पण नळाचं होतं?"

"नळ, दारं, लिफ्ट. लोक जास्त. सवय होते. मोठ्याने बोलायचं. आधी खाकरायचं."

"थांबवता येतं का?"

"ते तू मला विचारतेस?" ती चिडली नव्हती. कापडाने एक काच पुसत होती. "तुला काय कबूल केलंय त्यांनी?"

"माझं काम. प्रदर्शनात, माझ्या नावाने."

"मला शिफारसपत्र. तीन ओळींचं होतं, पण मनापासून लिहिलेलं. मिळालं मला. तुलाही मिळेल. मॅडम शब्द पाळतात. तेच तर वाईट आहे त्यांचं."

गंधक दाराशी पोहोचली तेव्हा ती मागून म्हणाली, "तुझी गरम झाली असेल ना आता?"

गंधकने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. दार ढकलून उघडलं.

५

तिला गंधक म्हणत असले तरी गंधक काढायचा कसा हे तिला ठाऊक होतं. कॉलेजातून एवढं तरी ती घेऊन आली होती. भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरायची, खायचा सोडा टाकायचा, वर उकळतं पाणी, आणि त्यात काळी चांदी. काळं सगळं सुटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि चांदी पांढरीशुभ्र निघते. यात जादू नाही. रसायन आहे, शाळेतल्या पोरालाही समजावता येईल.

तिचा हिशेब सरळ होता. जे अंगातून गेलं ते या काळ्यात आहे. काळं काढून टाकलं की वस्तू निव्वळ चांदी राहील, गार, कुणाचीच नसलेली. मग पुन्हा पहिल्यापासून घालू. पुन्हा करा म्हणतील, करू. आयुष्यभर तेच केलंय.

एकोणचाळिसाव्या दिवशी काका पाचला घरी गेले, मॅडम प्रदर्शनाच्या हॉलवर होत्या. तिने किटली लावली. पाणी ओतल्यावर बुडबुडे आले, वास आला. खालच्या दवाखान्यात कुणीतरी खिडकी लावल्याचा आवाज झाला. एकोणचाळीस दिवसांचा रंग पाचेक मिनिटांत उतरला. तिने चिमट्याने कॉलर बाहेर काढली, गार पाण्यात धरली, पुसली. पांढरी. रेघही गेली, सगळंच रेघेच्या रंगाचं झालं होतं.

आणि थंड. तिने ती गालाला लावली आणि चक्क रडू आलं, इतकी ती थंड होती.

कापडात गुंडाळून ड्रॉवरात ठेवली. कुलूप. चावी खिशात. जाकीट चढवून, दिवे मालवून ती दारापर्यंत आली तेव्हा मागून आवाज आला.

बारीक, चुंई.

ती वळली नाही. पत्रा आहे, ती स्वतःशी म्हणाली. उकळत्या पाण्यातून निघालेली चांदी पत्र्यात ठेवली, आकसणार, आवाज होणार. धातू आकसतात. मग परत आला, तसाच, डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या वस्तूचा असतो तसा, सुरुवातीला जाड आणि शेवटाला पातळ. तिने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. हात खिशात होता. चावी मुठीत होती.

सकाळी ती काकांच्याही आधी आली. कुलूप तसंच होतं. कापड उलगडलं.

कॉलर काळी होती. जांभळी नाही, नवी नाही, एकोणचाळीस दिवसांची काळी. हाताला उबदार. आणि डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली यायला हवी तिथे, ती वाकडी पांढरी रेघ.

म्हणजे घातली होती. कुणीतरी रात्रभर घातली होती, आणि त्या कुणाच्या गळ्यावर त्याच जागी तोच व्रण होता.

गंधकने शर्टात हात घातला आणि आपला व्रण चाचपला. लहानपणापासून आंघोळीत, कपडे बदलताना, झोपेत त्यावर बोट जायचं. बोटाला ती चकचकीत, किंचित उचललेली कड आंधळेपणाने सापडायची. तिने डावीकडून उजवीकडे चाचपलं, मग उजवीकडून डावीकडे.

सगळी कातडी सारखीच लागत होती.

६

मॅडमच्या टेबलावर हीटर बंद होता. कॉलर समोर ठेवली तशी मॅडमनी ती दोन्ही हातांनी उचलली, झोपलेलं मूल उचलतात तशी, आणि मांडीवर घेतली.

"मी काल ही धुतली होती," गंधक म्हणाली. "सोड्याच्या पाण्यात. पूर्ण पांढरी केली होती."

"बरं."

"बरं काय? आज बघा कशी आहे."

"बघतेय ना." मॅडमनी दोन्ही तळवे कॉलरवर पसरले, थोडा वेळ तसेच ठेवले, मग हात उलटे केले आणि पाठीही टेकवल्या. थंडीत त्या तिच्यावर हात शेकत होत्या. गंधकला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर तिने हात पुढे केला.

"परत द्या," ती म्हणाली.

"काय परत देऊ?"

काय, हे तिला सांगता येईना. ज्याला नाव नाही ते कसं मागायचं? काचेपलीकडे काकांचं ड्रिल बंद झालं होतं. ते पाठमोरे बसले होते, खांदे वर ओढून, ऐकत.

"काका, तुम्हाला माहीत होतं."

"मी फक्त घडवून देतो, पोरी," काका पाठमोरेच म्हणाले. "पुढचं मला काही विचारू नको."

तीस वर्षं. तिला वाटलं उठून त्यांचं टेबल उलथून टाकावं.

मॅडमचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "अगं, मी काही तुला बांधून घातलेलं नाही. घेऊन जा घरी. गळ्यात घाल, उशाशी ठेव, काय वाटेल ते कर. होईल कदाचित काही. मला खरंच माहीत नाही, आजवर कुणी नेलीच नाही."

"मग नेते."

"ने. पण हॉलमध्ये मला मधली पेटी एकच मिळालीय. त्यात ही वर आणि तुझी साखळी खाली, अशी मांडणी आहे. ही नसेल तर पेटी दुसऱ्या कलाकाराला जाते. मी काही तुला शब्द मोडल्याचं पाप नाही करणार, मोडलास तर तू मोडशील." त्यांनी खण उघडला आणि नमुन्याला छापून आलेली एक छोटी पाटी टेबलावर ठेवली. "संध्याकाळपर्यंत छापखान्याला सांगायचंय मला. ठरव."

जाड पांढऱ्या कागदावर तिचं नाव होतं. संपूर्ण नाव. खाली साखळीचं नाव, 'पुन्हा करा'. मग साहित्य, स्टेपलच्या पिना, आणि वर्ष. बस. कुठे मॅडम नाहीत, विभागप्रमुख नाही. छापलेलं, किंचित उठलेलं. बोट फिरवलं तर अक्षरं लागत होती.

तिने पुन्हा एकदा बोट फिरवलं. शाईची कड बोटाला स्पष्ट लागली, सकाळी व्रणाची मात्र सापडली नव्हती. तिला निळा कोट आठवला. पेन्सिलीच्या टोकाला लोंबणारी आपली साखळी आठवली. एवढं सगळं झाल्यावर, ती मनाशी म्हणाली, हे पण सोडलं तर माझ्याकडे काय उरतं? आणि थोडं गार वाटण्याने कुणी मरत नाही. ती चष्म्याच्या दुकानातली जगतेच आहे की.

"लावा," ती म्हणाली.

मॅडमनी कॉलर खाली ठेवली नाही. काचेपलीकडे ड्रिल पुन्हा सुरू झालं.

७

प्रदर्शन दोन दिवसांनी, दुपारी चारला उघडलं. हॉलचं दार काचेचं, आपोआप सरकणारं. गंधक त्याच्यासमोर उभी राहिली. आत उजेड होता, माणसं होती, सूट होते. दार हललं नाही. तिने एक पाऊल मागे घेऊन पुन्हा पुढे टाकलं. शेवटी एक जोडपं आलं, दार सरकलं, आणि त्यांच्या मागोमाग ती आत शिरली. त्या बाईने मागे वळून दरवाजाकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "वारा केवढा येतोय."

मधल्या पेटीभोवती घोळका होता. विभागप्रमुख वाकून साखळी बघत होता. हात पाठीमागे, पेन्सिल नाही.

"ताकद आहे," तो शेजारच्याला म्हणाला. "आमच्याकडचीच मुलगी. तेव्हाच दिसत होतं."

हे ऐकायला ती दोन वर्षं जगली होती. काय बोलायचं ते तिने शंभर वेळा पाठ केलं होतं. ती त्याच्या कोपराशी जाऊन उभी राहिली, खाकरली आणि मोठ्याने म्हणाली, "तेव्हा कचरा म्हणाला होतात, सर."

त्याने कोटाची कॉलर वर केली, जरा शहारला, आणि घोळक्याबरोबर पुढच्या पेटीकडे सरकला.

पेटीसमोर एकटी आई राहिली. निळा कोट, कडक इस्त्री, हातात पर्स घट्ट धरलेली. ती हळू आवाजात बोलत होती. या हॉलमध्ये सगळेच तसं बोलत होते, म्हणून गंधकला आधी विशेष वाटलं नाही. ती मागून जवळ गेली.

"...छापून लावलंय गं, खरंच. मी दोनदा वाचलं," आई म्हणत होती. मग थांबली, समोरच्याला बोलू द्यावं तशी, मान किंचित तिरकी करून. हसली. "चल, काहीतरीच. रडत नाहीये मी." पुन्हा थांबली. पुन्हा मान हलवली. "हो, हो. घरी गेल्यावर सांग सगळं. आणि आज हात किती छान गरम आहेत गं तुझे."

आईचा तळवा काचेवर टेकलेला होता.

"आई," गंधक म्हणाली.

आई ऐकत होती, पण काचेकडे.

"आई." तिने पूर्ण जोर लावला. खांद्याला हात लावला.

आईने खांदा चोरला, कुणी अनोळखी धक्का दिल्यावर चोरतात तसा, आणि मागे न बघता, नम्रपणे म्हणाली, "जरा थांबता का हो? मी माझ्या मुलीशी बोलतेय."

गंधकने मग पेटीकडे बघितलं. खाली पिनांची साखळी, दिव्यात चमकणारी. वर, मखमलीच्या उभ्या सांगाड्यावर कॉलर, काळी, एका रेघेखेरीज. काच धूसर झाली होती. बाहेरून नाही. आतून, कॉलरच्या जरा वर, माणसाचं तोंड जिथे येईल तेवढ्या उंचीवर वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती.

मग त्या वाफेत, आतल्या बाजूने, अंगठ्याएवढी एक पट्टी पुसली जाऊ लागली. सावकाश, डावीकडून उजवीकडे. चुंई.

आई हसली. "तुझी ही सवय काही जायची नाही."

गंधकने आपला अंगठा वर उचलून डोळ्यांसमोर धरला. मग हात खाली सोडला आणि वाकून पाटी वाचली, कारण तेवढंच करण्यासारखं उरलं होतं. नाव बरोबर छापलं होतं. काना-मात्रेचीसुद्धा कुठेही चूक नव्हती.